गाडीतल्या गाण्यांचा बास, म्हणजे खालचा जाडा आवाज, अचानक गेला तर? सोलापूरकरांनो, तुमचे अनुभव सांगा की!

सुरुवात मीच करतो. गेल्या रविवारी सहकुटुंब तुळजापूरला गेलो होतो. परत येताना तामलवाडीच्या अलीकडे टायर बसला. उन्हात स्टेपनी चढवली, हात धुतले, गाणी लावली, तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. दारातले स्पीकर वाजतायत, पण डिकीतला दहा इंची सबवूफर, म्हणजे नुसता बास वाजवणारा 'सब' स्पीकर, गप्प. दुकानात दाखवलं तर न उघडताच निकाल: "सब गेला मालक, नवीन टाका." बायको म्हणाली, "गाणं वाजलालंय की, अजून काय पायजे?"

पैसे घालण्याआधी विचारतोय. तुमच्या गाडीत असं झालं होतं का, आणि शेवटी निघालं काय? नुसते सल्ले नकोत, घडलेलं लिहा.

विजापूर रोडवरून

माझं तर हसण्यासारखं आहे. बॅटरी बदलली आणि दुसऱ्या दिवसापासून बास नाही. बॅटरी काढली की स्टिरिओच्या पिवळ्या वायरीचा करंट तुटतो आणि त्याची सगळी आठवण पुसली जाते. मेनूमध्ये सबवूफर 'ऑफ' होऊन बसला होता. खर्च शून्य. पण ते कळायच्या आधी मी दोन दिवस डिकीत डोकं घालून बसलो होतो.

अक्कलकोट रोड, एमआयडीसी

माझ्याकडे सब नाही, नुसते दारातले स्पीकर. डाव्या दाराची काच खाली उतरेना म्हणून गॅरेजमध्ये पॅनल उघडलं. काच झाली, पण गाडी घेऊन निघालो तर गाण्यातला ढोल गायब! गाणाराही समोर न वाटता कुठंतरी डोक्याच्या मागं गाणारा. स्पीकर फाटला म्हणावं तर खरखर नाही.

चार दिवसांनी कारखान्यातल्या आमच्या इलेक्ट्रिशियन अण्णांना गाडीत बसवलं. त्यांनी हत्यार काढलं नाही. स्टिरिओचा बॅलन्स, म्हणजे आवाज डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये वाटायचं सेटिंग, पूर्ण डावीकडे नेला, तर बास आला. पूर्ण उजवीकडे नेला, तरी आला. मध्ये आणला की गेला! म्हणाले, "दोन्ही स्पीकर चांगले हायत, भांडण त्यांच्यात हाय."

पॅनल बसवताना एका स्पीकरच्या वायरी उलट लागल्या होत्या. मग एकाचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो. जात्याच्या खुंट्याला दोघींनी धरून एकीनं इकडं आणि दुसरीनं तिकडं ओढावं, तसं. बारीक आवाज निभावून जातो, पण खालचा जाडा सूर एकमेकांना खाऊन टाकतो. स्पीकरची रुंद पट्टी प्लस, अरुंद मायनस. खात्री करायची तर दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर लावायचा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लागला की पडदा बाहेर यायला पाहिजे. वायरी अदलाबदल केल्या आणि ढोल परत आला. तेव्हापासून दाराचं पॅनल कुणीही उघडलं की मी आधी बॅलन्स फिरवून बघतो, मग पैसे देतो.

जुळे सोलापूर

मे महिना, पारा त्रेचाळीसच्या वर. दुपारी अर्धा तास वाजवलं की बास बंद, संध्याकाळी पुन्हा सुरू. तापला की ॲम्प, म्हणजे सबच्या आवाजाला ताकद देणारा डबा, स्वतःला वाचवायला बंद पडतो, त्याचा लाल दिवा लागलेला असतो. आमचा मात्र इतका का तापायचा? डिकीत सामान घासू नये म्हणून आईनं त्याच्यावर घडी करून चादर घातली होती. सोलापुरी, जाड, दुहेरी विणीची! चादर काढली. आईला अजून वाटतं की चादरीविना ॲम्पला थंडी वाजेल.

मार्केट यार्डाजवळून

कांद्याच्या गाड्यांशेजारी गाडी लावतो, त्यामुळे उंदीर आलेच. ॲम्पचा दिवाच लागेना. बॅटरीजवळचा फ्यूज बघितला, ठीक. मीटर लावला तर निळ्या-पांढऱ्या रिमोट वायरीवर बारा व्होल्ट येईनात. 'उठ' हा निरोप ॲम्पला याच वायरीतून जातो. सीटखाली ती कुरतडलेली. जोड मारला, वर नळी चढवली. उंदरांचं काय करायचं ते वेगळ्या धाग्यात विचारीन म्हणतो.

सात रस्ता

मला यातलं काही कळत नाही, पण माझाही अनुभव घ्या. एफएमवर बास यायचा, ब्लूटूथवर नाही. म्हणजे गाडी बरी, फोन आजारी. भाच्यानं फोनच्या इक्वलायझरमध्ये काहीतरी करून ठेवलं होतं.

होटगी रोड

सगळ्यांचं फुकटात सुटलं, माझं नाही. माझा सब खरंच जळाला. आधी वास आला, मग आवाज गेला. स्पीकरच्या आत तारेचं वेटोळं असतं, ती कॉइल. चार ओहमच्या चांगल्या कॉइलला मीटरवर साधारण तीन-साडेतीन दिसतात, माझ्या मीटरवर काहीच नाही. पडदा हलकेच दाबला तर आत घासल्यासारखा आवाज. चूक माझीच. ॲम्पवरचा गेन हा स्टिरिओच्या सिग्नलशी ॲम्प जुळवायला असतो; तो आवाज वाढवायचं बटण समजून मी शेवटपर्यंत पिळला होता. धागाकर्ते, दुकानदारानं मीटर लावला होता का? नसेल तर 'सब गेला' हे त्यानं कशावरून ठरवलं? आणि तुमचा ॲम्पचा दिवा लागतो का?

धागाकर्ता

मीटर नाही लावला. दिवा कधी लागतो, कधी विझतो. खड्ड्यात गाडी आपटली की क्षणभर धडधड येते.

अक्कलकोट रोड, एमआयडीसी

स्टेपनीची जागा डिकीतच आहे ना? आणि ॲम्पची अर्थ वायर कुठं आवळलीय?

धागाकर्ता

आत्ताच बघून आलो. अर्थचा बोल्ट स्टेपनीच्या खड्ड्याच्या कडेलाच आहे. परवा घाईत चाक उपसताना त्याला धक्का बसला असणार, वायर बोटानं फिरत होती. खाली रंगही तसाच होता, बसवणाऱ्यानं खरवडलाच नव्हता. पॉलिश पेपरनं पत्रा उघडा केला, बोल्ट आवळला आणि दिवा स्थिर. गाणं लावलं तर डिकीतला जॅकचा पान्हा थरथरायला लागला. बायको गॅलरीतून ओरडली, "झालं वाटतं दुरुस्त, आता बारीक करा की ओ!"