धर्मावरच्या सरकारी समित्या खरंच स्वतंत्र असतात का? (डिझर्टेशनसाठी विचारतेय)

धरमपेठ_वाचक:
नमस्कार मंडळी. मी नागपुरात एमए करतेय, राज्यशास्त्र, शेवटचं वर्ष. धर्म, लोकशाही आणि सरकारी धोरण यावर अभ्यास करून सरकारला सल्ला देणारे जे लोक असतात, म्हणजे समित्या, आयोग, संशोधन संस्था वगैरे, ते कितपत स्वतंत्र असतात आणि त्यांच्या सल्ल्याचं पुढे काय होतं, असा विषय डोक्यात आहे. गाईड म्हणतात फार पसरट आहे, एक धागा पकड. मुस्लिमांच्या सामाजिक, आर्थिक आणि शैक्षणिक स्थितीवरची सच्चर समिती घ्यावी तर तिच्यावर आधीच भरपूर लिहून झालंय. आणि मला मुळातच एक गोष्ट खटकते, समिती नेमणार सरकार, खर्च देणार सरकार, अहवाल जाणार सरकारकडेच, मग ती स्वतंत्र कशी? बाहेरची संस्था असेल तर सरकार तिचं ऐकणार कशाला? कोणी या क्षेत्रातलं असेल तर प्लीज सांगा. राजकीय भांडणं नकोत, ती बाकीच्या धाग्यांवर रोज चालूच असतात.

अजनीवाले_काका:
बेटा, माझी अख्खी नोकरी सरकारी कागदांत गेली, हिवाळी अधिवेशनाची ड्यूटीही बरेचदा केली, म्हणून लिहितो. पैसा कोणाचा यावरून स्वतंत्रपणा मोजू नकोस, हायकोर्टाच्या न्यायमूर्तींचा पगारही सरकारी तिजोरीतूनच निघतो. आधी बघायचं ते हे, की नेमणूक कोणत्या कागदाने झाली. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखाली नेमलेला आयोग असेल तर त्याचा अहवाल सहा महिन्यांच्या आत सभागृहापुढे ठेवावा लागतो आणि सोबत सरकारने त्यावर काय केलं याचा कार्यवाही अहवालही द्यावा लागतो. नुसत्या ठरावाने किंवा जीआरने नेमलेल्या समितीला ते काही लागू नाही, अहवाल कपाटात गेला तर गेला, तो मांडलाच पाहिजे असं त्या कायद्याचं बंधन नाही.

सच्चर समिती अशीच पंतप्रधान कार्यालयाच्या अधिसूचनेने मार्च २००५ मध्ये नेमली होती. पण नोव्हेंबर २००६ मध्ये अहवाल आला आणि त्याच महिन्यात संसदेत मांडलाही गेला. आणि तो टिकला तो आकड्यांमुळे, कारण जनगणना, नमुना पाहणी, बँकांची कर्जं, खात्यांतल्या भरत्या असं सगळं सरकारकडचंच होतं, फक्त कोणी एका जागी मांडलं नव्हतं. आयएएसमध्ये मुस्लिम ३ टक्के, आयपीएसमध्ये ४ टक्के, साक्षरता देशाची ६५.१ टक्के तर मुस्लिमांची ५९.१. कोणाला आवडो न आवडो, हे खोटं आहे असं म्हणता आलं नाही.

एक मात्र डोळ्यांनी पाहिलंय ते सांगतो. अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी अहवालांचे गठ्ठे येतात, पटलावर ठेवले असं कामकाजात नोंदलं जातं, प्रती वाटल्या जातात आणि तोवर अर्ध्या आमदारांच्या बॅगा गाडीत गेलेल्या असतात. नियम पाळला गेला आणि चर्चा झालीच नाही. तुझ्या विषयाचा जीव तिथे आहे बघ.

बर्डीचा_पोट्टा:
ताई, मले वेगळंच वाटते. तज्ज्ञाले कोणी निवडून देत नाही, मंग त्याचं सरकारनं ऐकलंच पाहिजे असं काहून? जादूटोणाविरोधी कायदाच घ्या ना. तो काही अहवालातून आला नाही, लोकायनं वर्षानुवर्षं रस्त्यावर काम केलं, दाभोलकरांचा २०१३ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात खून झाला, मंग वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये आपल्या नागपूरच्याच अधिवेशनात तो पास झाला. आणि त्याच्यात खरं शिकण्यासारखं काय हाये तर वारकरी मंडळींचा विरोध होता, भीती होती का उद्या कीर्तन बंद करतीन, म्हणून कायद्यातच लिहून टाकलं का प्रदक्षिणा, यात्रा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन याले हा कायदा लागू नाही. अंधश्रद्धा म्हणजे काय याची व्याख्या करत बसले नाही, अनुसूचीत बारा गोष्टी लिहिल्या, ह्या करायच्या नाही, बस. हे शहाणपण भांडून, एकमेकाशी बोलून आलं, तज्ज्ञायच्या खोलीत बसून आलं नसतं.

हेग_मधून:
मूळची आपल्या नागपूरच्या महाल भागातली, सध्या नेदरलँड्समध्ये संशोधन करते. पोट्ट्याचा मुद्दा चांगला आहे पण इथली पद्धत बघा, मला ती फार मोलाची वाटते. इथे सरकारी धोरणासाठी एक वैज्ञानिक परिषद आहे, १९७२ मध्ये तात्पुरती सुरू झाली, १९७६ मध्ये तिला कायद्याने कायम केलं. पंतप्रधानांच्या खात्याखाली येते पण काय अभ्यासायचं आणि काय निष्कर्ष काढायचा हे परिषद ठरवते, आणि अहवाल आला की मंत्रिमंडळाला आपलं म्हणणं मांडावं लागतं. मान्य करा असं बंधन नाही पण गप्प बसता येत नाही. २००६ मध्ये यांनी बारा मुस्लिम देशांतल्या इस्लामी चळवळींचा अभ्यास करून सांगितलं की या चळवळींतूनही लोकशाही आणि मानवी हक्कांना जागा मिळू शकते, त्यांच्याशी बोलायचं दार लावून घेऊ नका. तेव्हा इथलं वातावरण एकदम तापलेलं, इस्लामवर टीका करणारे इथले चित्रपट दिग्दर्शक थिओ व्हान गॉख यांच्या एका कट्टरपंथीयाने केलेल्या खुनाला दोन वर्षंही झाली नव्हती, भयंकर टीका झाली. तरी अहवाल छापला गेला, आजही कोणीही वाचू शकतं. मला विचाराल तर स्वतंत्र असणं म्हणजे हेच, सरकारला आणि लोकांना नको असलेलं बोलल्यावरही तुम्ही तिथे टिकून राहता.

उलट फ्रान्समध्ये २००३ ला स्टासी आयोग नेमला. त्यांनी शाळेत ठळक धार्मिक चिन्हं नकोत असं सांगितलं, आणि त्याच अहवालात ज्यूंच्या योम किप्पुरला आणि बकरी ईदला शाळांना सुट्टी द्या असंही म्हटलं. २००४ च्या मार्चमध्ये कायदा झाला तो फक्त पहिल्या गोष्टीचा, सुट्टीचं पुढे काही झालं नाही. आयोग स्वतंत्रच होता हो, पण निवड करणारं सरकार होतं आणि आयोगाचं नाव मात्र त्या एका बंदीला कायमचं चिकटलं.

कामठी_रोड:
धरमपेठताई, तुम्ही नागपूरात बसून दिल्ली पॅरिस कशाला शोधताय, धागा इथूनच निघतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर धर्मांतर झालं. अनुसूचित जातीत कोण मोडतं हे ठरवणारा १९५० चा आदेश सुरुवातीला फक्त हिंदूंसाठी होता, १९५६ मध्ये शीख आले आणि बौद्धांना त्यात यायला १९९० उजाडलं. मधली चौतीस वर्षं केंद्राच्या हिशोबात धर्म बदलला की जात संपली. आमच्या वडिलांच्या पिढीने ही चौतीस वर्षं काढलीत, त्यामुळे हा माझ्यासाठी नुसता पेपरातला विषय नाही. २०११ च्या जनगणनेत देशात ८४ लाख बौद्ध, त्यातले ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात, म्हणजे हा आपल्याच घरातला प्रश्न आहे.

आता पुढचं बघा. दलित ख्रिश्चन आणि मुस्लिमांचं काय, यावर धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी नेमलेल्या रंगनाथ मिश्र आयोगाने मे २००७ मध्ये अहवाल दिला की अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून वेगळा करा. आयोगाच्या सदस्य सचिव आशा दास यांनी या शिफारशीला लेखी विरोध केला आणि तो अहवालातच आहे. संसदेत अहवाल आला डिसेंबर २००९ मध्ये, तोही कार्यवाही अहवालाशिवाय, काकांनी सांगितलं तसं आयोग ठरावाने नेमलेला होता. मधेच २००८ मध्ये अल्पसंख्याक आयोगासाठी समाजशास्त्रज्ञ सतीश देशपांडे यांनी याच प्रश्नावर उपलब्ध माहितीचा आढावा घेऊन दिला. आणि २०२२ मध्ये केंद्राने सुप्रीम कोर्टात सांगितलं की मिश्र अहवाल आम्हाला मान्य नाही, त्यामागे प्रत्यक्ष पाहणी नव्हती, आणि त्याच वर्षी न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला, यावेळी १९५२ च्या कायद्याखाली. पंधरा वर्षांनी सांगता पाहणी नव्हती, मग २००७ लाच सांगायचं होतं ना, लोकांनी तेव्हाच पाहणी मागितली असती. मला राग याचाच येतो, नाही म्हणायचं तर म्हणा पण वेळेत आणि कारण देऊन म्हणा.

धरमपेठ_वाचक:
बापरे, खूपच मिळालं, सगळ्यांचे मनापासून आभार. कामठी रोड भाऊ, मिश्र अहवालच घेते. प्रश्न असा करता येईल का, की अहवाल दिल्यापासून सरकारने पहिलं लेखी उत्तर देईपर्यंत काय काय झालं? आणि सुरुवात कुठून करू?

अजनीवाले_काका:
हाच प्रश्न ठेव, गाईड नाही म्हणणार नाहीत. सुरुवात आशा दास यांच्या भिन्न मतापासून कर, मुख्य अहवाल नंतर. आयोगाच्या आत काय वाद झाला हे तिथे कळतं, आणि विरोधी मत दाबलं नाही, छापलं, ही त्या आयोगाची जमेची बाजू आहे हेही लिही. मग लोकसभेच्या वेबसाइटवर २००७ ते २००९ मधले तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न शोध, खासदारांनी अहवालाबद्दल विचारलं की मंत्र्यांनी काय उत्तर दिलं ते तारखेनुसार लावत जा. "विचाराधीन आहे" हे उत्तर कितीदा येतं ते मोज. सिव्हिल लाईन्सला विधानभवनात लायब्ररी आहे, तिथे सभागृहाची कार्यवाही कशी वाचायची हे एकदा नीट समजून घे, पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर आण. मंगळवारनंतर मी गावातच आहे, मेसेज कर, पत्राचा मसुदा करून देतो.

बर्डीचा_पोट्टा:
आणि ताई, ज्यांच्याबद्दल हा अहवाल हाये त्या लोकायले पण भेटा, नागपुरात दलित ख्रिश्चन कुटुंबं हायेत. त्यायले कोणी सांगितलं का असा अहवाल आला म्हणून, एवढंच विचारा. मी गाडी घेऊन येतो.