पहिला चरा : दस्त्यावरचा, नळीवरचा (अनुभव धागा)

रानवाट :
विस्कॉन्सिनमधला हरणांचा नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. परवा नेमबाजीच्या मैदानावर शेजारच्या बाकावर 'टक्' असा आवाज झाला. कोरी रायफल, अक्रोडाचा दस्ता (नळी ज्यात बसते आणि जो खांद्याला टेकवतात तो भाग), बाकाच्या लोखंडी कडेला लागला. धनी काही बोलला नाही, नुसता त्या जागेवरून अंगठा फिरवत राहिला. तो अंगठा बघून जुनं सगळं आठवलं, म्हणून धागा काढतोय. पहिल्या चऱ्याचं तुमच्याकडे काय करतात ते लिहा. माहिती हवी, नेमकी.

सुरुवात मी करतो. पहिल्या तासात पॉलिश पेपर हातात घ्यायचा नाही. चरा असतो दोन इंचाचा. पेपर फिरवला की हाताएवढा पट्टा फिका पडतो, मग तो जुळवायला पूर्ण दस्ता घासावा लागतो, आणि घासलं की लाकूड बसवलेल्या धातूपेक्षा खाली जातं. मागच्या रबरी पॅडची कड वर आलेली दिसली की समजायचं, कुणीतरी घाई केली होती.

आधी रायफल रिकामी आहे का ते बघा. मॅगझिन काढा, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) काढा, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागेत) डोळ्याने बघा आणि करंगळी घालूनही बघा. मग सुती फडक्याने जागा पुसा आणि नख आडवं फिरवा. नख अडकलं नाही तर चरा फक्त वरच्या थरात आहे. अडकलं तर लाकडात गेलाय.

कातळ :
नखाच्या परीक्षेत एक भर. पोचा आणि चरा वेगळे. पोच्यात लाकडाचे तंतू दबलेले असतात, तुटलेले नसतात. दबलेले वाफेने वर येतात, तुटलेले येत नाहीत. तिरपा उजेड टाकून बघा (मोबाईलचा टॉर्च दस्त्याला चिकटवून आडवा धरा). कडा गोल दिसल्या तर पोचा, कडा धारदार तर चरा.

हिमफूल :
कुकर लावलाय, घाईत लिहिते. वाफेची रीत :

नळी आणि ॲक्शन (बोल्ट ज्यात सरकतो तो धातूचा भाग) दस्त्यातून काढून ठेवायची, वाफ लोखंडाला लागता कामा नये. जुन्या सुती कापडाची दुहेरी घडी ओली करून पिळायची, पोच्यावर ठेवायची. इस्त्रीचं फक्त टोक ५ ते १० सेकंद टेकवायचं. चर्र आवाज थांबला की उचला, कापड कोरडं पडलं की लाकूड करपतं. पुन्हा ओलं, पुन्हा टोक. तीन-चार वेळा, हट्टी पोच्याला सहा-सात. मग २४ तास हात लावायचा नाही. ओलं असताना तेल लावलं तर पाणी आत कोंडतं आणि पांढुरका डाग पडतो.

हे तेल लावलेल्या दस्त्यावरच चालतं. कारखान्यातून पॉलियुरेथेनचा चकचकीत थर मारून आलेला असेल तर वाफ आत जाणारच नाही, उलट थर फुगेल.

आणि परत बसवताना पुढचा स्क्रू आधी, मागचा नंतर. साध्या लाकडी दस्त्याला साधारण ३५ ते ४० इंच-पाउंड (स्क्रू आवळायच्या जोराचं माप), पण मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच खरं. अंदाजाने आवळलं की नेम हलतो, आणि दोष बिचाऱ्या चऱ्याला देतात. बसवल्यावर मैदानावर जाऊन नेम तपासायचाच.

घाटावरचा :
शिकार भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे, मग इथे कोणाला उपयोग या धाग्याचा?

रानवाट :
@घाटावरचा, प्रश्न रास्त आहे. अमेरिका, न्यूझीलंडला राहणारे बरेच आहेत इथे. शिवाय आजोबांची रायफल परवान्यावर सांभाळणारी घरं आहेत, नेमबाज आहेत. इच्छापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ बोअरची रायफल अजून कितीतरी कपाटांत आहे. लाकूड आणि लोखंड सगळीकडे सारखंच वागतं.

तळकोकण :
आणि ठासणीच्या बंदुका! सिंधुदुर्ग-रत्नागिरीत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घरोघर आहेत. त्यांना पहिला चरा रानात पडतच नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की बंदूक बहुतेकदा जमा करावी लागते, तिथे एकावर एक रचतात. काय करायचं ते नीट सांगतो. जमा करण्याआधी दोन्ही बाजूंचे, नळीच्या तोंडाचे आणि नंबराचे फोटो काढा. दस्त्याला जुन्या गोधडीचा तुकडा गुंडाळा, वर सुतळी. प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम धरतो. पावतीवर आधीच्या खुणा लिहून मागा. परत आणली की त्याच दिवशी उघडून पुसा, दुसऱ्या दिवशी नाही.

ठासणीच्या नळीवर चरा पडला की गोष्ट वेगळी. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते. उघड्या लोखंडावर ती एक रात्र राहिली तरी खड्डे पडायला लागतात. बार काढल्यावर गरम पाणी आणि साबण, मग पूर्ण कोरडं, मग तेल. नुसत्या तेलाने राख निघत नाही, तेलाखाली तशीच राहते.

टाहर :
न्यूझीलंडहून. इथे माटागौरी नावाचं काटेरी झुडूप आहे, त्यातून एकदा चाललं की चऱ्यांचा हिशेब सोडावा लागतो. म्हणून इथे बहुतेकांकडे स्टेनलेस नळी आणि फायबरचा दस्ता. मॅट स्टेनलेसवरचा चरा काढायला राखाडी नायलॉनचा घासपॅड, दाब हलका, आणि फक्त मूळ रेघांच्या दिशेने. गोल फिरवलात तर तिथे आरसा होतो आणि तो चऱ्यापेक्षा जास्त दिसतो.

(अवांतर : आयडी टाहर का विचाराल, तर हिमालयातला हा रानबोकड १९०४ साली इथे आणून सोडला. मग इतका वाढला की आता सरकारच मारायला सांगतं.)

हिमफूल :
@टाहर हे माहीत नव्हतं! हिमालयातला प्राणी न्यूझीलंडात. बिचारा किती लांब आला.

टाहर :
@हिमफूल आपल्यासारखाच 🙂

नेमबाज५० :
माझा मुद्दा सगळ्यांपेक्षा वेगळा आहे आणि तो फार महत्त्वाचा मानते. दस्त्यावरच्या चऱ्याने गोळी हलत नाही. नळीच्या तोंडाच्या कडेवर, म्हणजे क्राउनवर, बारीकशी खाच पडली तरी हलते. गोळी बाहेर पडताना मागचा वायू सगळ्या बाजूंनी एकाच क्षणी सुटायला हवा. एका बाजूला खाच असेल तर तिथून आधी सुटतो आणि गोळीला ढकलतो. दिसायला काहीच नसतं, पण कागदावर गोळ्या एका जागी न लागता पसरतात.

तपासायचं कसं : रायफल रिकामी, बोल्ट बाहेर. कानातल्या कापसाची काडी तोंडाच्या आतल्या कडेवर सावकाश गोल फिरवा. जिथे कापसाचा धागा अडकेल तिथे खाच. घरी काही करायचं नाही, ते लेथवरचं काम आहे, परवानाधारक बंदूक-कारागिराकडे द्या.

सगळ्यात जास्त क्राउन साफसफाईतच बिघडतात. साफसफाईची लांब काडी पुढून घालू नका, मागून घाला, बोअर गाइड (काडी नळीत सरळ ठेवणारं नळकांडं) लावून. बोल्ट असलेल्या रायफलला पुढून घालायचं कारणच नाही. आणि नळीचं तोंड जमिनीवर टेकवून उभं राहायचं नाही, कोणत्याही परिस्थितीत.

स्वप्नील कुसाळेला २०२४ मध्ये पॅरिसला ज्यात कांस्य मिळालं त्या ५० मीटर थ्री पोझिशनच्या रायफली बघा. दस्ता बहुतेक ॲल्युमिनियमचा, सगळीकडे सरकणारे भाग, खुणांसाठी ओढलेल्या रेघा. चऱ्यांकडे कोणी बघत नाही, तोंडाला मात्र जीवापाड जपतात.

घाटावरचा :
कुसाळे आमच्या कोल्हापूरचा! कांबळवाडी, राधानगरी तालुका.

सतारकाम :
मी बंदुकीतला नाही, मिरजेला तंबोऱ्याच्या पॉलिशचं काम आहे. पण लाकडातला चरा लाकडातलाच. तंतू तुटलेले असतील तर आमच्याकडे लाखेची कांडी वापरतात. लाकडाच्या रंगापेक्षा किंचित गडद घ्यायची, सुरी तापवून थेंब पाडायचा, थंड झाल्यावर पातीने सपाट करायचा. फिका रंग घेतला तर चरा डोळ्यात भरतो, गडद घेतला तर लाकडाची रेघ वाटते.

अडचण एवढीच की लाख साधारण ७५ अंशाला मऊ पडते आणि स्पिरिटने विरघळते. नळीच्या जवळ, म्हणजे दस्त्याच्या पुढच्या भागात, तिचा भरवसा धरू नका. मागच्या भागात चालेल. आणि चपड्याचं (स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं) पॉलिश पावसात नेण्याच्या वस्तूवर नकोच, पाणी लागलं की दुधाळ होतं. घरात ठेवायच्या वाद्याला ते देखणं, रानातल्या वस्तूला तेलच बरं.

रानवाट :
@सतारकाम वा! गडद रंगाची गोष्ट फार कामाची. धन्यवाद दादा.

वऱ्हाडी :
तेल म्हणजे जवसाचंच ना? आमच्याकडे घाण्याचं मिळतं.

कातळ :
@वऱ्हाडी, जवस बरोबर, पण घाण्याचं कच्चं तेल सुकायला कित्येक दिवस घेतं, पावसाळ्यात तर चिकटच राहतं. रंगाच्या दुकानात 'डबल बॉइल्ड' लिहिलेलं मागा. त्यात सुकवणारे धातूचे क्षार असतात, म्हणून ते दिवसात सुकतं (आणि म्हणून ते खायचं नाही). दोन-तीन थेंब बोटावर घ्या, चऱ्यावर तळहाताने ऊब येईपर्यंत चोळा, पंधरा मिनिटांनी उरलेलं पुसा, २४ तास थांबा. असे चार-पाच हात. जाड थर एकदम दिला की वर साय धरते आणि खाली ओलं राहतं.

खोबरेल, शेंगदाणा, मोहरी यातलं काहीही नको. खोबरेल आणि शेंगदाणा सुकतच नाहीत, मोहरीचंही धड सुकत नाही. धूळ धरतात आणि पुढे कुठलंच पॉलिश बसू देत नाहीत.

आता हे नीट वाचा. जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून कचऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता सोडतं, घडीत ती कोंडते आणि फडकं आपोआप पेटतं. खरोखर पेटतं. बाहेर दगडावर एकेरी पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

तळकोकण :
आमच्याकडे अळशी म्हणतात.

वऱ्हाडी :
चटणी जवसाचीच, अळशीची नाही 😄 फडक्याचं माहीत नव्हतं, घरी सांगतो लगेच.

हिमफूल :
जवसाची चटणी आणि ज्वारीची भाकरी... इथे उणे बारा आहे आणि तुम्ही लोक काय आठवण काढता.

उणे बारावरून : बाहेरून आणलेली रायफल लगेच ऊबदार खोलीत उघडू नका, दव धरतं. केसमध्येच दोन-तीन तास राहू द्या, मग उघडून पुसा. पुसून झाल्यावर केस पुन्हा बंद करून ठेवू नका, फोममध्ये ओल राहते. चामड्याच्या म्यानात तर कधीच ठेवायची नाही, कमावलेल्या चामड्यातल्या क्षारांनी गंज येतो.

इच्छापूर३१५ :
नळीवरच्या चऱ्याबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. काळ्या-निळ्या ब्लूइंगवर (पोलादावर गंज रोखायला चढवलेल्या थरावर) चंदेरी रेघ दिसली तर आधी घाबरू नका. ॲल्युमिनियम किंवा पितळ घासलं की ते मऊ असल्याने स्वतःच पोलादावर उतरतं. गाडीच्या हौद्यातली, शिडीची, बकलाची रेघ बहुतेक वेळा अशीच. बोअर सॉल्व्हंटचा (नळी साफ करायच्या द्रावणाचा) थेंब, सुती फडकं, दोन मिनिटं. अर्ध्या रेघा इथेच जातात.

खरा चरा असेल तर कोल्ड ब्लू, म्हणजे कढईत न उकळता हाताने लावायचं ब्लूइंगचं द्रावण. हातमोजे आणि उघडी खिडकी हवी, त्यात सेलेनियमचे विषारी क्षार असतात. आधी ॲसिटोनने तेल पूर्ण काढा, बोटाचा ठसासुद्धा उरता कामा नये. केसांच्या ड्रायरने जागा हाताला ऊबदार लागेल इतकी तापवा. कापसाच्या काडीने फक्त चऱ्यात लावा, अर्धा ते एक मिनिट, मग पाण्याने पुसा, कोरडं करा, पुन्हा लावा. तीन-चार वेळा. शेवटी तेल, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल, कारण काही वेळा रात्रीतून तांबूस गंज येतो. रंग शंभर टक्के जुळणार नाही. दोन हातांवरून दिसेनासा झाला की थांबा.

दुनळी असेल तर कारखान्यासारखं गरम ब्लूइंग कोणालाही करू देऊ नका. कॉस्टिक सोड्याच्या त्या कढईचं तापमान १४० अंशांच्या आसपास असतं आणि दोन नळ्या जोडणारा शिशाचा झाळ त्यात खाल्ला जातो. दुनळीला सावकाश गंज चढवून उकळायची जुनीच पद्धत.

नंबराच्या आसपास काहीही घासू नका. शस्त्र कायद्याच्या कलम ८ नुसार कोरलेलं नाव, नंबर किंवा ओळखीची खूण पुसणं गुन्हा आहे, आणि हेतू चांगला होता हे तिथे पटवत बसावं लागेल.

दूरचा :
संग्राहकाची जुनी वस्तू असेल तर यातलं काहीच करू नये असं ठाम मत. विंचेस्टर मॉडेल ७० घ्या. १९३६ ला आली, १९६४ ला बनावट बदलली. त्याआधीच्या रायफलला मूळ पॉलिशसकट मान आहे, चरे असले तरी. पुन्हा पॉलिश केलेली नव्यासारखी चमकते आणि किंमत पडते.

रानवाट :
@दूरचा, पूर्ण सहमत. नव्या रायफललाही मी हेच सांगेन : पहिला हंगाम संपेपर्यंत लाकडाला हात लावू नका, फक्त उघड्या लाकडाला तेलाचा एक हात द्या म्हणजे पाणी आत जाणार नाही. लोखंडावर मात्र त्याच दिवशी तेल. हंगामाअखेर वहीत बघून सगळ्याचं काम एकदम करा. वही ठेवा : तारीख, जागा, चरा की पोचा, कशाने. ओळी जमल्या की कारण दिसतं. पट्ट्याची पुढची कडी सैल असते, बाकाची कड उघडी असते, मचाणावर दोरीने चढवताना रायफल शिडीला आपटते (रिकामी, बोल्ट उघडा, तोंड खाली, आणि दुसरी दोरी खालून हातात, म्हणजे हेलकावे खात नाही).

त्या बाकावरच्या माणसाला एवढंच सांगितलं की घरी जाऊन घासू नकोस. अजून अंगठा फिरवतच होता.

हिमफूल :
त्याला जरा वेळ द्या. दुखतं ते.

वऱ्हाडी :
@कातळ, एक राहिलं. चौकड्यांच्या नक्षीवर, मुठीपाशी, चरा असेल तर तेल तसंच चोळायचं का?

कातळ :
@वऱ्हाडी नाही. नक्षीत तेल साचून घट्ट होतं आणि चौकड्या बुजतात. जुन्या दातांच्या ब्रशवर एकच थेंब, रेघांच्या दिशेने, लगेच कोरड्या ब्रशने काढून घ्या. तुटलेली चौकडी भरू नका, ती रेघ कारागीर हाताने पुन्हा कोरतो.