नागपूर ते पुणे : आईसाठी विमान की रस्ता?

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्या आईला पुढील महिन्यात नागपूरहून पुण्यास आणायचे आहे आणि त्यासाठी अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे. दोन्ही शहरांतील हवाई अंतर सुमारे ६२० किलोमीटर आहे. रस्त्याने मात्र ते ७०० किलोमीटरच्या वर जाते, कारण समृद्धी महामार्ग मुंबईच्या दिशेने जात असल्यामुळे छत्रपती संभाजीनगरजवळ तो सोडून अहिल्यानगरमार्गे पुण्याकडे वळावे लागते. समृद्धीवर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा असली, तरी माझी खरी काळजी शेवटच्या शिक्रापूर-वाघोली पट्ट्याची आहे, जेथे वाहतूक तुंबली की पाय दुमडून बसणे आईला असह्य होईल.

विमान दीड तासाच्या आत पोहोचते, पण विमानतळावर आधी पोहोचणे, तपासणी आणि लोहगावहून घरापर्यंतचा प्रवास धरता प्रत्यक्षात किती वेळ वाचतो? चाकांची खुर्ची आधी कळवून ठेवल्यास ती विमानाच्या दारापर्यंत मिळते का? मोटारीने आणायचे ठरल्यास समृद्धीवर वृद्धांना उतरून चार पावले चालता येईल अशी, स्वच्छ प्रसाधनगृह असलेली ठिकाणे कोणती, हेही कृपया सांगावे.