‘यझिदी : आपले हरवलेले बांधव’ या लेखाला उत्तर

अंजनवेल

मागच्या आठवड्यात इथे देवगिरीकरांचा वरच्या नावाचा लेख आला आणि खाली ‘जबरदस्त माहिती’चा पाऊस पडला. तिथेच लिहायला घेतलं, पण हात आवरला नाही, म्हणून वेगळा धागा.

यझिदी म्हणजे मुख्यतः उत्तर इराकमधला एक छोटा धार्मिक समाज. लेखाचं म्हणणं थोडक्यात असं. यझिद्यांचा मुख्य देवदूत ताऊस मलेक मोराच्या रूपात, कार्तिकेयाचं वाहन मोर. ते दिवे लावतात, पुनर्जन्म मानतात, शेख, पीर, मुरीद या आपापल्या जातींबाहेर लग्नं करत नाहीत. म्हणून ते हिंदू. आणि शेवटी एक ओळ : ‘कुर्द मुसलमान असल्याने त्यांचा यझिद्यांशी काही संबंध नाही.’

माझं डोकं फिरलं ते या शेवटच्या ओळीने. यझिद्यांचे कव्ल, म्हणजे धर्मगीतं, पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ चालत आले, ते कुरमांजी या कुर्दी बोलीत. शेख अदी बेका खोऱ्यातून आलेला सूफी. तो उत्तर इराकमधल्या लालिशच्या डोंगरात राहिला, ११६२च्या सुमारास तिथेच वारला आणि त्याच्या कबरीभोवती या धर्माला आजचं रूप आलं. त्याच्याखाली त्या डोंगरांतला जुना थर आहे : सूर्याकडे तोंड करून प्रार्थना, सात देवदूत. इराणातल्या कर्मानशाहकडच्या यारसान या धर्मपंथातही सातांची अशीच कल्पना आहे. त्यांचे कलाम (धर्मगीतं) गोरानी भाषेत आहेत आणि तंबूर हे तंतुवाद्य त्यांना पवित्र. तुर्कस्तानात देर्सिमच्या अलेवी पंथीयांकडे गेलात तर तिथेही असे धागे सापडतात. हे सगळं एका प्रदेशातलं, शेजारीशेजारी वाढलेलं. कुर्द म्हणजे फक्त शाफी पंथाचे सुन्नी मुसलमान असं धरलं की हा अख्खा वारसा बेवारस होतो आणि मग कुणीही येऊन त्यावर हक्क सांगतो.

शिवाय ऑक्टोबरमधल्या जमाइया या सणात लालिशला बैलाचा बळी देतात, आणि मृतांना पुरतात. या दोन गोष्टी लेखात का नव्हत्या?

देवगिरीकर

लेख माझा आहे, त्यामुळे उत्तरही मीच देतो. बळी देतात म्हणून हिंदू नाहीत? तुळजापूरला अजाबळी होतो, तो कोण देतं? पुरतात म्हणून हिंदू नाहीत? माझं आजोळ लातूरकडचं. आमच्या गल्लीतले लिंगायत पुरतातच, दशनामी गोसाव्यांत समाधी देतात. तुमचे दोन्ही पुरावे इथेच पडले.

आणि मोर हा भारतातला पक्षी आहे. मेसोपोटेमियाच्या डोंगरात तो आपोआप उगवला नाही.

अंजनवेल

लिंगायतांचं बरोबर आहे, ते तुमच्या खात्यात धरा. पण मोर इथून तिकडे गेला म्हणजे देवही इथून गेला हे कसं? मोर फार प्राचीन काळापासून पश्चिम आशियात पाळला जातोय. ख्रिस्ती कबरींवरही मोर कोरलेले आहेत, मग तेही आपले हरवलेले बांधव का? साम्य दाखवून नातं ठरवायचं असेल तर जगात परका कुणी उरणारच नाही.

त्सेलेवासी

दोघांनाही राग येईल असं लिहितो. मी जर्मनीत ज्या गावात राहतो तिथे यझिद्यांची वस्ती मोठी आहे. मी ज्या दवाखान्यात काम करतो तिथे एक यझिदी सहकारी आहे, तिच्या घरी आमचं जाणं-येणं आहे. एप्रिलमध्ये लाल बुधवारी, म्हणजे यझिद्यांच्या नववर्षाला, तिची आजी कांद्याच्या सालींत अंडी उकळते, आणि मग टरफलं नि लाल फुलं ओल्या मातीने दाराच्या चौकटीला लावते. त्या आजीला मी एकदा सहज ‘तुम्ही कुर्द लोक’ म्हणालो. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि नातीकडून मला सांगवलं की या घरात तो शब्द काढायचा नाही.

अंजनवेल, तुम्ही हिंदुत्वाचा दावा नाकारलात आणि लगेच कुर्दपणाचा दावा केलात. दोन्ही दावे बाहेरून केलेलेच. १८३२ साली रवांदुझच्या मीर (सरदार) मुहम्मदाने यझिद्यांची कत्तल केली, तो कुर्दच होता. आर्मेनियाच्या जनगणनेत यझिदी आणि कुर्द हे वेगवेगळे गट आहेत. २०११ साली तिथे ३५ हजारांवर लोकांनी यझिदी अशी नोंद केली, कुर्द अशी दोन हजारांच्या आसपास. बोलतात सगळे कुरमांजीच. आता बोला.

रानवाट

इराकी कुर्दिस्तानच्या एर्बिलमध्ये तीन-चार वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितोय. ३ ऑगस्ट २०१४ ला दाएशने, म्हणजे आयसिसने, यझिद्यांच्या सिंजार भागावर हल्ला केला, तेव्हा तिथले पेशमर्गा, म्हणजे इराकी कुर्दांचे सैनिक, लोकांना न सांगता निघून गेले. त्या आधी त्याच लोकांना ‘घाबरू नका, आम्ही आहोत’ असं सांगितलेलं होतं. सहा हजारांवर बायका-मुलं पळवून नेली. त्या महिन्यात मी दुहोकला गेलो होतो. अर्धवट बांधलेल्या इमारतींत, भिंती नसलेल्या मजल्यांवर सिंजारहून पळून आलेली कुटुंबंच्या कुटुंबं बसलेली. पोरं खाली पडू नयेत म्हणून आयांनी त्यांच्या कमरेला ओढण्या बांधून दुसरं टोक खांबाला गुंडाळलेलं होतं. त्सेलेवासींच्या आजीबाई का चिडल्या हे मला समजावून सांगायला नको.

पण दुसरी बाजूही लिहा की. सिंजारच्या डोंगरावर अडकलेल्यांना सीरियाच्या बाजूने वाट काढून दिली तीही कुर्दांनीच, सीरियातल्या वायपीजी आणि तुर्कस्तानातल्या पीकेके या सशस्त्र संघटनांच्या. दुहोकच्या सामान्य सुन्नी कुर्दांनी घरं, शाळा उघडून दिल्या. माझा घरमालक रोज गाडीत पाणी आणि नान भरून जायचा.

सीमाभाग

भाषा एक म्हणजे माणसं एक, हे एवढं सरळ आहे. तुर्कस्तानात १९८३च्या कायद्याने कुर्दीत छापणं-बोलणं बेकायदा केलं होतं, ते १९९१ला उठलं. त्याच वर्षी कुर्द खासदार लेला झाना यांनी संसदेत शपथेनंतर एक वाक्य कुर्दीत म्हटलं, आणि पुढे त्यांना तुरुंगात जावं लागलं. भाषेसाठी एवढं सोसलेल्या समाजाला धर्मावरून फोडू नका. आम्ही बेळगावकर गेली साठ-सत्तर वर्षं हेच सांगतोय. दुकानाच्या पाटीवर मराठी अक्षरं मोठी झाली तर काय होतं ते पुण्या-मुंबईत बसून कळायचं नाही.

त्सेलेवासी

बेळगावबद्दल सहानुभूती आहे, पण प्रत्येक धाग्यात तेच नको. भाषा एक म्हणजे माणसं एक असेल तर इराकमधल्या बाशिका-बाहझानी गावांचे यझिदी घरात अरबी बोलतात. ते काय, अरब झाले?

अर्धा_पारशी

अवांतर आहे, पण इतकंही नाही. जुना वारसा परत घेण्याचा विषय निघालाच आहे म्हणून. इराकी कुर्दिस्तानातल्या सुलेमानियात मुसलमान घरांतले कितीतरी कुर्द स्वतःला जरथुष्ट्री म्हणवून घेऊ लागले. तिथल्या सरकारने २०१५ साली त्या धर्माला मान्यता दिली आणि २०१६ला अग्निमंदिर उघडलं. माझी आई पारशी, बाबा मराठी. मी वहिवाटीने कुणीच नाही. त्या मंदिराची बातमी आली तेव्हा आमच्या घरी चार दिवस दुसरा विषय नव्हता. मामा म्हणाला, ‘हे कसले जरथुष्ट्री? कुणीही उठून कुस्तीचा पवित्र दोरा बांधेल!’ आई उठून आत गेली. तिच्या वडिलांची शेवटची प्रार्थना चालू असताना तिला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं, कारण तिने लग्न बाहेर केलं होतं. मी तेव्हा शाळेत होतो, तिच्या शेजारी बसलो होतो. पुरुषाने बाहेर लग्न केलं तर त्याची मुलं पारशी, हे १९०८च्या मुंबई हायकोर्टाच्या निकालापासून धरलं जातं. बाईने केलं की दार बंद.

मोर कुणाचा आणि भाषा कुणाची यावर तुम्ही भांडताय. त्याआधी मला सांगा, आत कोण आणि बाहेर कोण हे ठरवणारे कोण? यझिद्यांच्या धर्मपरिषदेने एप्रिल २०१९ मध्ये दाएशच्या तावडीतून वाचलेल्या सगळ्यांना स्वीकारू असं जाहीर केलं आणि काही दिवसांतच खुलासा केला की दाएशच्या बलात्कारातून जन्मलेली मुलं त्यात नाहीत. आयांना सांगितलं, तुम्ही या, मूल ठेवून या. ही संस्कृती जपण्याची रीत आहे?

देवगिरीकर

अर्धा_पारशी, मुंबईतल्या सुरक्षित घरात बसून तुम्ही एका मरणाच्या दारातल्या समाजाला उदारमतवाद शिकवताय. दार उघडं ठेवलं असतं तर शंभर वर्षांपूर्वीच संपले असते ते. पारशी टिकले तेही याच नियमामुळे.

अर्धा_पारशी

टिकले? संख्या बघा एकदा. माझ्या आईला बाकावर बसवून किती पारशी वाढले? आणि ‘सुरक्षित घर’ वगैरे माझ्या आईबद्दल बोलायचं असेल तर जरा जपून लिहा.

रानवाट

शांत घ्या दोघंही. मुलांच्या प्रश्नात एक गोष्ट सुटतेय. इराकच्या कायद्याने मुसलमान बापाचं मूल मुसलमानच नोंदवलं जातं, बाप अज्ञात असला तरी. म्हणजे परिषदेने ‘या’ म्हटलं असतं तरी कागदावर ते मूल यझिदी झालं नसतं. परिषदेला मी मोकळं सोडत नाही, पण सगळा दोष तिच्या माथी मारू नका.

आणि त्याच समाजाने काय मोडलं तेही बघा. पूर्वी बाहेरच्याचा स्पर्श झालेली बाई कायमची बाहेर. २०१४च्या सप्टेंबरमध्ये यझिद्यांचे सर्वोच्च धर्मगुरू बाबा शेख यांनी सांगितलं की सुटून आलेल्या बायका आपल्याच, त्यांना मानाने घ्या. लालिशच्या पांढऱ्या झऱ्यावर त्यांचा धर्मप्रवेशाचा विधी पुन्हा केला. मी ते आवार पाहिलंय. अनवाणी जायचं, उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, खांबांना रंगीत रेशमी कापडं बांधलेली. लोक आधीच्याची गाठ सोडतात आणि स्वतःची मारतात. त्या रांगेत या मुली उभ्या होत्या आणि म्हाताऱ्या बायका पुढे होऊन त्यांच्या डोक्यावर हात ठेवत होत्या. शतकांचा नियम एका म्हाताऱ्या धर्मगुरूने काही आठवड्यांत बदलला. पारशांच्या पंचायतींना एवढं जमलं का, हा प्रश्न तुम्हीच विचारायला हवा.

अर्धा_पारशी

विचारतोच आहे. बाहेर लग्न केलेल्या वलसाडच्या पारशी गुलरुख गुप्तांना आईवडिलांच्या अंत्यविधीला येऊ द्यायला तिथली अंजुमन (पारशी पंचायत) २०१७ मध्ये कबूल झाली, तेही प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्यावर. बाबा शेखांबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पण बायकांसाठी जे मोडता आलं ते पोरांसाठी का नाही, याचं उत्तर ‘कायदा’ असं देऊन मला गप्प बसवता येणार नाही. कायदा बदला म्हणून परिषद रस्त्यावर का उतरली नाही?

अंजनवेल

धागा माझा, विषय भलतीकडे गेला, जाऊ दे. अर्धा_पारशींचा प्रश्न मूळ प्रश्नाहून मोठा आहे हे वाचताना जाणवलं.

त्सेलेवासींना उत्तर राहिलंय. आर्मेनियातला आकडा खरा आहे, आणि तिथे कुणी यझिदी म्हणून नोंद करत असेल तर तो यझिदीच, माझी हरकत नाही. पण लालिशचे मीर, म्हणजे यझिद्यांचे प्रमुख, आणि त्यांच्या आसपासचे बरेच लोक स्वतःला कुर्द म्हणवत आलेत, आणि लालिशजवळच्या शेखानमध्ये आजही तसं म्हणणारे यझिदी भेटतात. तेही दबावाखाली बोलतात असं म्हणायचं असेल तर म्हणा, पण मग आजीबाईंचा राग जेवढा खरा तेवढंच यांचंही म्हणणं खरं धरायला लागेल. मी कुर्दांचा झेंडा कुणाच्या दारावर लावत नाहीये. ती भाषा, ते कव्ल, ते डोंगर यांच्यापासून यझिद्यांना तोडून आपल्या देव्हाऱ्यात आणून बसवू नका, एवढंच म्हणतोय.

देवगिरीकर

‘कुर्दांशी काही संबंध नाही’ हे वाक्य लेखातून काढतो. मोर ठेवतो. त्यावर वेगळा लेख लिहीन.

त्सेलेवासी

काढताय ते बरं झालं, पण त्याजागी ‘यझिदी हे कुर्दच’ असं घालू नका. आणि अंजनवेल, शेखानमधल्या लोकांचं मान्य. मात्र शेखान म्हणजे सिंजार नाही. २०१४ला मार खाल्ला तो सिंजारने, आणि लोक परतायला अजून धजावत नाहीत तेही सिंजारलाच. त्यांचं मत पहिलं मोजा. रानवाट, तुमचा घरमालक अजून एर्बिललाच आहे का? त्याला विचारून बघा, सिंजारमध्ये पेशमर्गा परत आले तर तिथले लोक खूश होतील असं त्याला वाटतं का.