फिनलंडमध्ये मटण थेट शेतकऱ्याकडून घ्यावं का?

एस्पोकर
गेल्या ऑक्टोबरात पहिल्यांदा अर्धं कोकरू घेतलं. साडेआठ किलो, किलोला 18 युरो. घेतलं 'रेको'वरून. नवीन आलेल्यांसाठी सांगतो: 2013 साली थॉमस स्नेलमन या शेतकऱ्याने पश्चिम किनाऱ्यावर, पिएतारसारी-वासा भागात ही पद्धत सुरू केली. फेसबुकच्या गटात आधी मागणी नोंदवायची, ठरल्या वेळी पार्किंगमध्ये जाऊन शेतकऱ्याच्या हातून माल घ्यायचा. दलाल नाही.

शेतकरी बाईंनी गाडीच्या मागच्या दारात यादी धरून माझ्या नावावर खूण केली आणि खोका हातात दिला. कोकरं वसंतात जन्मलेली, उन्हाळाभर किनाऱ्याच्या कुरणावर चरलेली. खोक्यात मान, बरगड्या, नळ्या सगळं होतं. सुपरमार्केटमध्ये न्यूझीलंडची गोठवलेली मांडी मिळते, नळ्या कुठे मिळतात? रस्स्याला आठ वर्षांनी चव आली. माझं स्पष्ट मत आहे, इथे मटण खायचं तर असंच घ्यावं.

तुर्कूची_वहिनी
दादा, चवीबद्दल वाद नाही. पण गटात लोक 'नैसर्गिक, हार्मोनविरहित' म्हणून जास्त पैसे मोजतात, ते मला पटत नाही. वाढीसाठी हार्मोन देणं अख्ख्या युरोपियन युनियनमध्ये बंद आहे. जनावरांना प्रतिजैविकं देण्यात फिनलंड युरोपात सर्वांत कमी वापर करणाऱ्यांत मोडतो. म्हणजे दुकानातलं फिनिश मांसही तेवढंच स्वच्छ. 'लुओमु' म्हणजे सेंद्रिय, त्या शिक्क्यासाठी तपासणी होते. 'नैसर्गिक' कुणीही लिहावं.

शिवाय बीफ घेणाऱ्यांनी हेही बघावं: इथलं बहुतेक बीफ दुधाच्या गोठ्यांतून येतं. त्याच गायीने दूधही दिलेलं असतं, त्यामुळे हवामानावरचा भार दूध आणि मांस दोन्हींत वाटला जातो. फक्त मांसासाठी पाळलेल्या हायलँड गायीचा सगळा भार एकट्या मांसावर पडतो. कुरण म्हटलं की पर्यावरण वाचलं, असं नसतं.

सह्याद्री_ते_ओउलू
वहिनी, हार्मोनचं तुमचं अगदी बरोबर, तो प्रचार बंद व्हायला हवा. पण कुरणाचा हिशेब फक्त कार्बनवर करू नका. आमच्या जवळ लिमिंगानलाहती खाडी आहे. तिथल्या किनाऱ्याच्या गवताळ पट्ट्यांवर गुरं-मेंढ्या चरल्या नाहीत तर काही वर्षांत बोरूसारखं उंच गवत आणि झुडपं माजतात आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पाणपक्ष्यांची जागा जाते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चराईने तयार झालेल्या अशा जमिनींना इथे 'पेरिन्नेबिओतोप्पी' म्हणतात. चारणाऱ्याला दर मिळाला नाही तर तो जनावरं विकून मोकळा होईल. मग ती जागा कोण राखणार?

तुर्कूची_वहिनी
हा मुद्दा मान्य. पण मग 'तुमची जनावरं नक्की कुठे चरतात?' हे विचारूनच पैसे द्या. इथला हिवाळा लांब, तेवढे महिने जनावर गोठ्यात मुरघासावरच, म्हणजे मुरवून साठवलेल्या चाऱ्यावरच असतं. वर्षभर कुरणात असल्यासारखे फोटो टाकणाऱ्यांकडून मी घेणार नाही.

नवीन_तांपेरे
पार्किंगमध्ये मिळणाऱ्या मटणाची तपासणी होते का? घरी लहान मूल आहे, म्हणून विचारते.

एस्पोकर
ताई, होते. जनावर मान्यताप्राप्त कत्तलखान्यातच कापावं लागतं आणि सरकारी पशुवैद्य तपासतात. पार्किंगमध्ये फक्त देवाणघेवाण. मला अडचण आली ती वेगळीच. मांडी आणि खांदा अख्खे आले, घरच्या सुरीने हाड तुटेना. यंदा मागणी नोंदवतानाच लिहिलं की खांदा हाडासकट तुकडे करून द्या. त्यांनी विचारलं, सूपसाठी का? मी 'हो' म्हणालो, तांबड्या रश्श्याला फिनिश शब्द कुठून आणू? आणि वहिनी, तुमचा प्रश्नही त्यांना पाठवलाय: कुरण नक्की कुठलं, आणि मेंढ्या आत कधी घेता.