मदत हवी आहे: जुन्या पिनबॉल मशीनची कॉइल कुठे मिळेल? (जळगाव / भुसावळ / धुळे)

भरीतप्रेमी:
नमस्कार मंडळी. मामाचं भुसावळला व्हिडिओ गेमचं पार्लर होतं, ते बंद होऊन जमाना झाला पण एक पिनबॉल मशीन त्याने काही विकलं नाही, केळीच्या कॅरेटमागे गोडाउनात पडून होतं. बॅली कंपनीचं, शिकागोवालं. दिवाळीत आम्ही भाच्यांनी ते बाहेर काढलं, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी जोडल्या, स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावला आणि चक्क चालू झालं, मामा तर रडायच्याच बेतात होता. तीन-चार दिवस खेळलो आणि एका संध्याकाळी डावं फ्लिपर (बटण दाबलं की गोळी उडवणारी दांडी) नीट काम करेना, बटण दाबून धरलं की घुंई आवाज, मग वास. शेतातली मोटर जळताना ज्याने बघितलीय त्याला तो वास सांगावा लागत नाही.

फ्लिपर उचलणाऱ्या कॉइलवरचा (तारेच्या वेटोळ्यावरचा) कागद अर्धा करपलाय पण नंबर वाचता येतो, एक्यू-२५-५००/३४-४५००. अमेरिकेतल्या दुकानांत नवीन मिळते पण कॉइलपेक्षा पोस्टेज जास्त. जळगावच्या गोलाणी मार्केटला विचारलं तर पिनबॉल म्हणजे काय इथूनच सुरुवात करावी लागली. शेवटी मोटर रिवायंडिंगवाल्याकडे गेलो, माणूस हुशार, म्हणाला २५ नंबर तारेचे ५०० टर्न आणि त्यावर ३४ नंबरचे ४५००, देतो गुंडाळून. दुसऱ्या दिवशी गेलो तर ३४ नंबरच्या दीड हजार टर्नमध्येच बॉबिन काठोकाठ. "भाऊ, हाई काय मावत नही." मी नंबरचा अर्थ चुकीचा लावतोय का? की कोणाकडे अशी कॉइल पडलेली आहे? पैसे देईन, वर भरीत-पुरीपण.

रिंगरोड:
नंबरचा अर्थ बरोबर लावलाय, तार चुकली भो. तो २५ आणि ३४ अमेरिकन गेज आहे, म्हणजे तारेच्या जाडीचा अमेरिकन नंबर, एडब्ल्यूजी. आपल्याकडे वायंडिंगवाले नंबर बोलतात तो एसडब्ल्यूजी, इंग्रजांच्या वेळचा. अमेरिकन ३४ म्हणजे ०.१६ मिमी, आपली ३४ नंबर जवळजवळ ०.२३. दुपटीहून जास्त जागा खाते, मावणार कशी? मेस्तरीला नंबर सांगूच नका, मिमी सांगा आणि मायक्रोमीटर लावायला सांगा. अमेरिकन २५ साठी आपली २६ नंबर घ्या, ०.४५ च्या वर थोडी, अगदी जुळते. ३४ साठी ३७ किंवा ३८, मी ३८ घेतली असती, किंचित बारीक पण मावेल तरी.

भरीतप्रेमी:
अरे देवा. मेस्तरीला आता कोणत्या तोंडाने सांगू.

डीसी मोटर:
थांबा, नवीन कॉइल लावायची घाई करू नका, तीपण जळेल. या कॉइलमध्ये दोन वायंडिंग असतात. जाड तारेचं फ्लिपर जोरात उचलायला, बारीक तारेचं नुसतं धरून ठेवायला. फ्लिपर पूर्ण वर गेलं की खाली एक पत्तीचा स्विच उघडतो, त्याला एंड ऑफ स्ट्रोक म्हणतात, आणि मग करंट बारीक तारेतूनही जायला लागतो म्हणून कमी होतो. तो स्विच उघडलाच नाही तर जाड तार एकटी ४३ व्होल्ट डीसी झेलत बसते, रेझिस्टन्स तीनेक ओहम, म्हणजे दहा अँपियरच्या वर. बटण धरून ठेवायची सवय असलेला एक पोरगा पुरे. तुमचा घुंई आवाज तिथलाच वाटतो.

मशीन बंद करा, प्लग काढा, उजव्या चांगल्या कॉइलच्या दोन्ही टोकांच्या टॅगवर मीटर लावा (एका टॅगची वायर सोडवून). फ्लिपर खाली असताना तीनेक ओहम, हाताने वर उचललं की एकदम शंभरावर उडी मारायला हवी. नवीन कॉइल बसवल्यावर डाव्या बाजूलापण तेच बघा. स्विच नीट उघडत नसेल तर पत्ती वाकवून वरच्या टोकाला दोनेक मिलिमीटर गॅप ठेवा, काँटॅक्ट काळे असतील तर बारीक कानसने हलकं घासा. हे काँटॅक्ट जाड करंटचे म्हणून घासायचे, स्कोअरच्या छोट्या स्विचांना कानस अजिबात नको, त्यांचा मुलामा जातो.

आणि डायोड! टॅगवर दोन असतात, १एन४००७ चालेल, चिल्लरमध्ये मिळतो. जुने कसे लागलेत त्याचा फोटो आधी काढा. पट्टीवाली बाजू उलटी लागली तर फ्यूज गेलाच समजा.

भरीतप्रेमी:
अपडेट देतो. डाव्या स्विचचे दोन्ही काँटॅक्ट वितळून एकमेकांना चिकटले होते, नखाने सोडवावे लागले, फोटो काढला असता पण मामा बॅटरी धरून डोक्यावर उभा. मेस्तरीला ३८ नंबर सांगितलं तर म्हणे आधी का नाही बोलला, आणि ४५०० टर्न आरामात मावले, वर वार्निशपण मारून दिलं, पैसे घ्यायला तयारच नव्हता, बळंच खिशात कोंबले. मीटर खाली ३.१ दाखवतो आणि वर उचलल्यावर शेकड्यात जातो.

आता एकच राहिलंय. आतली नायलॉनची स्लीव्ह उष्णतेने आवळली आहे, प्लंजर (कॉइलमध्ये सरकणारा लोखंडी दांडा) घासत येतो आणि फ्लिपर आळसावल्यासारखं खाली पडतं. नायलॉन रॉडवरून लेथवर करून देणारं कोणी जळगावात आहे का? की ही मात्र मागवूनच घ्यावी?