मेकॅनिकल डिप्लोमाचं शेवटचं सेमिस्टर : वाळूज-शेंद्र्यात नोकरी लागायची तर आतापासून काय तयारी करावी?

सेलूकर_मेक

नमस्कार. मी सेलूची, जि. परभणी. शासकीय तंत्रनिकेतनात मेकॅनिकल डिप्लोमाचं शेवटचं सेमिस्टर चालू आहे. आतापर्यंत ७१ टक्के, बॅक एकही नाही. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या मोजक्याच, त्याही बहुतेक पुण्याच्या. मला संभाजीनगरला वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत क्वालिटी (माल तपासणी) किंवा प्रॉडक्शनमध्ये सुरुवात करायची आहे. घरच्यांचं म्हणणं आहे की रेल्वेने रोज ये-जा होईल.

परीक्षेला तीन महिने आहेत. या काळात नेमकं काय करावं? टेस्टला आणि इंटरव्ह्यूला काय विचारतात? कागदपत्रं कोणती लागतात? माझ्या मार्कमेमोवर आडनाव आधी आणि पूर्ण नाव आहे, आधारवर वडिलांचं नावच नाही. यानं काही अडतं का? रेझ्युमेचा चांगला नमुना असेल तर तोही सांगा.

मायक्रॉन_वाळूज

रेझ्युमेचा नमुना शोधण्यात वेळ घालवू नका, ते एका संध्याकाळचं काम आहे. तीन महिने मोजमाप आणि ड्रॉइंग यांना द्या. क्वालिटीच्या फ्रेशरची निवड बहुतेक ठिकाणी तिथंच ठरते. समोर लेथवर कातलेला एक नग, एक व्हर्नियर (जबड्यांची मोजपट्टी) आणि ड्रॉइंगचा कागद ठेवतात आणि म्हणतात, मोजून सांगा.

व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं लहानात लहान माप, ०.०२ मिमी हे सगळे सांगतात. तो कसा आला हे विचारलं की गाडी अडते. मेन स्केलचे ४९ मिमी व्हर्नियरच्या ५० भागांत वाटलेत, म्हणून एक भाग ०.९८ आणि फरक ०.०२. मेन स्केलवर २४ आणि जुळणारी रेघ ३२वी असेल तर २४ + ३२ × ०.०२ = २४.६४. मायक्रोमीटरचा पिच (एका फेरीत स्क्रू सरकतो ते अंतर) ०.५, थिंबलवर (फिरणाऱ्या नळीवर) ५० भाग, म्हणून ०.०१.

मोजण्याच्या पद्धतीकडेही लक्ष असतं. जबडे न पुसता, झीरो न तपासता थेट नगाला लावलं की समोरचा मनात फुली मारतो. झीरो एरर (जबडे मिटल्यावर शून्याऐवजी दिसणारं माप) अधिक असेल तर रीडिंगमधून वजा करायचा, उणे असेल तर मिळवायचा. मायक्रोमीटर थिंबलने आवळायचा नाही, शेवटी रॅचेटच (टोकाची कटकट वाजणारी मूठ) फिरवायचं, नाहीतर प्रत्येकाच्या हाताच्या जोराप्रमाणे रीडिंग बदलतं. गोल नग एका जागी मोजून थांबू नका. ९० अंशांत फिरवून परत मोजा आणि लांबीवर तीन ठिकाणी घ्या, तेव्हा ओव्हॅलिटी (गोलाई बिघडणं) आणि टेपर (एका टोकाला निमुळतं होणं) कळतो.

आता फिट, म्हणजे शाफ्ट भोकात किती सैल किंवा घट्ट बसतो ते. ड्रॉइंगवर २५ एच७/जी६ लिहिलंय असं धरा. कॅपिटल एच भोकासाठी, स्मॉल जी शाफ्टसाठी. भोक २५.००० ते २५.०२१, शाफ्ट २४.९८० ते २४.९९३. कमीत कमी क्लिअरन्स (मोकळी जागा) ०.००७, जास्तीत जास्त ०.०४१, म्हणजे क्लिअरन्स फिट. यावर हमखास पुढचा प्रश्न येतो : हा शाफ्ट व्हर्नियरने तपासाल का? नाही. टॉलरन्सच (मापात चालणारा फरक) ०.०१३ आहे आणि व्हर्नियरची एक रेघ ०.०२ची. साधा ०.०१चा मायक्रोमीटरही पुरत नाही. साधन टॉलरन्सच्या साधारण दहाव्या हिश्श्याचं हवं, म्हणून ०.००१चा मायक्रोमीटर. लाइनवर झटपट स्वीकार-नकार ठरवायला गो / नो-गो स्नॅप गेज (एका तोंडातून शाफ्ट गेला पाहिजे, दुसऱ्यातून जाता कामा नये असं ठरलेल्या मापाचं साधन). हे उत्तर कारणासह देणारा फ्रेशर लक्षात राहतो.

सेव्हन क्यूसी टूल्सची (गुणवत्ता तपासण्याच्या सात पद्धतींची) नावं पाठ असतात, वापर सांगता येत नाही. एका उदाहरणावर हात बसवा. टॉलरन्स ±०.०५, सिग्मा (मापं किती विखुरतात त्याचा आकडा) ०.०१. सीपी, म्हणजे मशीनची कुवत = एकूण टॉलरन्स ÷ ६ सिग्मा = ०.१० ÷ ०.०६ = १.६७. आता सरासरी मध्यापासून ०.०२ सरकली, तर सीपीके, म्हणजे सरकलेली सरासरी धरून उरलेली कुवत = जवळच्या मर्यादेपर्यंतचं अंतर ÷ ३ सिग्मा = (०.०५ − ०.०२) ÷ ०.०३ = १.०. मशीनची कुवत आहे पण सेटिंग सरकलंय, हा त्याचा अर्थ. टूलची झीज किंवा ऑफसेट बघायचा, मशीनला दोष द्यायचा नाही.

प्रॉडक्शनसाठी जाणार असाल तर सीएनसीचा (संगणकावर चालणाऱ्या मशीनचा) छोटा प्रोग्रॅम आणि त्यातल्या आज्ञांचे कोड वाचता आले पाहिजेत : जी००, जी०१, जी०२, जी०३, जी२८, जी५४, एम०३, एम०५, एम०६, एम३०. जी०० आणि जी०१ यांत काय फरक, आणि कटिंग करताना जी०० वापरलं तर काय होईल, एवढं नीट सांगितलं तरी पुष्कळ झालं. जीडी अँड टीची (ड्रॉइंगवर आकार आणि जागेची अचूकता सांगणारी) चौदा चिन्हं ओळखा, पण पोझिशन (जागा), रनआउट (फिरताना होणारं डुलणं) आणि फ्लॅटनेस (सपाटपणा) ही तीन मोजतात कशी हे कॉलेजच्या सरफेस प्लेटवर डायल लावून करून बघा. कॉलेज संपल्यावर ती लॅब हातात राहणार नाही.

एचआर_चिकलठाणा

वरचं सगळं खरं. पण टेस्ट पास झालेली मुलं जॉइनिंगच्या दिवशी कागदावर अडकतात, म्हणून ते आजच सुरू करा.

नावाचं : नुसता आडनाव आधी-नंतरचा फरक सहसा अडत नाही. वडिलांचं नाव आधारवर नसणं अडतं, कारण पीएफचा यूएएन (खात्याचा कायमचा नंबर) आधारवरच्या नावाने निघतो आणि तो आता उमंग अॅपवर चेहरा पडताळून काढावा लागतो. नंतर पॅन, बँक आणि यूएएन यांत तीन तऱ्हेची नावं झाली की पीएफ काढताना फेऱ्या सुरू होतात. दहावीचा मार्कमेमो प्रमाण माना आणि बाकी सगळं त्याला जुळवा. आधी आधार, मग पॅन, मग बँक, याच क्रमाने. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून केंद्रावर पावती मिळाली की तिथंच स्पेलिंग अक्षर-अक्षर वाचून घ्या. मोबाइल नंबर आधारला जोडलेला आणि तुमच्याच हातातला हवा. भावाच्या नंबरवर ओटीपी गेला आणि तो शेतात असला की जॉइनिंग रखडतं.

फाइलमध्ये दहावीचा आणि सगळ्या सेमिस्टरचे मार्कमेमो, टीसी, अधिवास प्रमाणपत्र, आधार, पॅन, तुमच्या नावाचं पासबुक आणि सहा-आठ पासपोर्ट फोटो ठेवा. अधिवास आत्ताच सेतूवर टाका. बऱ्याच कंपन्या स्थानिक उमेदवारांचा हिशोब ठेवतात आणि तो कागद मागतात. निकाल लागला की प्रोव्हिजनल सर्टिफिकेट लगेच घ्या. मूळ कागद फक्त दाखवायचे, ठेवायला कुणालाही द्यायचे नाहीत.

रेझ्युमे एक पान, पीडीएफ. फाइलचं नाव तुमचं नाव-डिप्लोमा मेकॅनिकल-पासिंगचं वर्ष. "न्यू रेझ्युमे फायनल २" अशा फाइली आमच्याकडे ढिगाने असतात आणि परत सापडत नाहीत. सगळ्यात वर नाव, दोन मोबाइल नंबर, ईमेल, आणि "सेलू, संभाजीनगरला राहायला तयार" ही ओळ. त्याखाली टक्के आणि वर्ष, मग प्रोजेक्ट. जात, धर्म, वडिलांचा व्यवसाय, "मी प्रामाणिक व कष्टाळू आहे" हे सगळं काढून टाका.

प्रोजेक्टमध्येच खरं वजन असतं. "ड्रिल जिगवर (ठरलेल्या जागी भोक पाडायला नग धरणाऱ्या साच्यावर) प्रोजेक्ट केला" यातून काही कळत नाही. जिग कोणत्या नगासाठी, किती भोकं, जिगशिवाय एका नगाला किती वेळ लागत होता आणि जिगवर किती लागला, भोकाची जागा किती मिमीच्या आत आली, हे दोन ओळींत लिहा. ऑटोकॅड लिहिलं असेल तर स्वतः काढलेल्या एका ड्रॉइंगची प्रिंट फाइलमध्ये ठेवा. ग्रुप प्रोजेक्टमध्ये तुमचं काम कोणतं तेवढंच लिहा. वेल्डिंग दुसऱ्याने केलं असेल तर करंट किती ठेवला होता या प्रश्नावर पितळ उघडं पडतं.

वॉक-इनला बंद बूट घाला. चप्पल-सँडलवर गेटच्या आत सोडत नाहीत आणि शॉपफ्लोअरची फेरी हुकते. वाळूज शहराच्या पश्चिमेला अहिल्यानगर रस्त्यावर, शेंद्रा पूर्वेला जालना रोडवर. दोन्हीकडचे इंटरव्ह्यू एका दिवसात धरू नका. चिकलठाणा आणि शेंद्रा मात्र एका दिशेला आहेत.

आणि ये-जा विसरा. पहिली पाळी सकाळी ६-७ला सुरू होते आणि पाळी आठवड्याला बदलते. सेलूहून ते शक्य नाही. वाळूजला बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी भागात मुली मिळून खोली घेतात, तसं घरी आत्ताच बोलून ठेवा. ऑफर आल्यावर घरून नकार आला की ती जागा दुसऱ्याला जाते. मुलींना रात्रपाळी द्यायची तर कंपनीने लेखी संमती घ्यायला हवी आणि ने-आण करायला हवी, हे इंटरव्ह्यूतच विचारा, संकोच नको.

सेलूकर_मेक

खूप आभार. आधारचं उद्याच करते. अजून दोन शंका. अप्रेंटिसशिप घ्यावी की थेट कंत्राटी नोकरी? आणि एका कन्सल्टन्सीने "वाळूजला पक्की नोकरी" म्हणून नोंदणीचे १,५०० रुपये मागितलेत. भरू का?

तंत्रनिकेतन_शिक्षक

पैसे भरू नकोस. चांगली कन्सल्टन्सी कंपनीकडून पैसे घेते. नोंदणी, गणवेश, गेटपास, मेडिकल, कुठल्याही नावाखाली आधी पैसे मागितले की तिथंच थांबायचं. ऑफर लेटर जीमेलवरून आलं, त्यावर पत्ता अर्धवट असला, इंटरव्ह्यू न घेताच आलं, तर कंपनीच्या गेटवर किंवा तिच्या वेबसाइटवरच्या नंबरवर विचारून घ्यायचं. कुणी पैसे भरून बसलं असेल तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा. पहिल्या काही तासांतच पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

अप्रेंटिसशिपबद्दल माझं मत स्पष्ट आहे : डिप्लोमावाल्याने पहिलं वर्ष चांगल्या कंपनीत अप्रेंटिस म्हणून काढावं. नॅट्सच्या (डिप्लोमा-पदवीधरांसाठीच्या केंद्र सरकारी अप्रेंटिसशिप योजनेच्या) पोर्टलवर निकालानंतर नोंदणी करायची. आधी प्रोफाइल पूर्ण करून मग कंपन्या शोधून अर्ज टाकायचे. नुसती नोंदणी करून वाट बघत बसलीस तर फोन येत नाही. एक वर्ष पूर्ण झालं की भारत सरकारचं प्रावीण्य प्रमाणपत्र मिळतं. आयटीआयवाल्यांचं पोर्टल वेगळं, तिथं चुकून नोंदणी करू नकोस.

क्रम महत्त्वाचा आहे. एक वर्ष किंवा जास्त नोकरीचा अनुभव झाला की नॅट्सची पात्रता जाते. आधी कंत्राटी आणि मग अप्रेंटिस हे जमत नाही, आधी अप्रेंटिस आणि मग नोकरी जमतं. अप्रेंटिसला पीएफ-ईएसआय (कामगार आरोग्य विमा) नसतो, आणि वर्षानंतर कायम करायला कंपनी बांधलेली नसते, हे गृहीत धरून जा. म्हणून कंपनी निवडताना विद्यावेतनापेक्षा काम कोणत्या विभागात देणार ते विचार. वर्षभर पॅकिंगला उभं केलं तर सर्टिफिकेट हातात येईल, पण पुढच्या इंटरव्ह्यूत बोलायला काही नसेल. स्टँडर्ड रूम (मोजमापाची खोली), इनकमिंग इन्स्पेक्शन (येणाऱ्या मालाची तपासणी) किंवा लाइन क्वालिटी मिळाली तर दोन-तीनशे रुपये कमी असले तरी घे.

दुसरी वाट मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेची. २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा डिप्लोमासाठी महिना ८,००० रुपये ठरले होते. 'महास्वयं' या सरकारी रोजगार पोर्टलवर नोंदणी फुकट आहे, ती करून ठेव, रोजगार मेळाव्यांनाही तीच लागते. पण तुझ्या क्षेत्रासाठी पहिली पसंती नॅट्सच.

संभाजीनगरजवळच्या बिडकीन औद्योगिक क्षेत्रातल्या मोठ्या प्रकल्पांची वाट बघत घरी थांबू नकोस. टोयोटा किर्लोस्करने सरकारशी करार केला तो २०२४ च्या जुलैमध्ये. असा कारखाना उभा राहून भरती सुरू व्हायला वर्षं जातात. तोवर ज्यांनी वाळूजला एखाद्या ऑटो पार्ट्सच्या कंपनीत अनुभव घेतला असेल, तेच तिथं आधी उभे राहतील.

पगारपत्रक

कंत्राटी असो की कायम, ऑफर आली की वर्षाचा आकडा ऐकून हो म्हणू नका. उदाहरण घ्या. महिन्याचा ग्रॉस (कपातीआधीचा पगार) १८,०००, त्यात बेसिक-डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता) १२,०००. कपात : पीएफ १२ टक्के म्हणजे १,४४०, ईएसआय ०.७५ टक्के म्हणजे १३५. व्यवसाय कर पुरुषाला २०० बसतो, पण महाराष्ट्रात स्त्रीला २५,००० पर्यंत माफ आहे. म्हणजे तुमच्या हातात १६,४२५, त्याच पदावरच्या मुलाच्या हातात १६,२२५. तुमच्या स्लिपमध्ये २०० कापलेले दिसले तर लगेच विचारा. कँटीन आणि बस आणखी वेगळे.

हीच ऑफर सीटीसीत (कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण खर्चात) सांगताना कंपनी स्वतःचा पीएफ १,५६०, ईएसआय ५८५, ग्रॅच्युइटी ५७७ आणि बोनसचे १,००० मिळवून २१,७२२ म्हणते. वर्षाचे २ लाख ६० हजार झाले, पण खोलीभाडं १६,४२५ मधूनच द्यायचंय. म्हणून एकच प्रश्न विचारा : सगळं कापून खात्यात किती जमा होणार?

कंत्राटी असेल तर अपॉइंटमेंट लेटर कुणाच्या नावाचं आहे ते बघा. काम मोठ्या कंपनीच्या गेटच्या आत असलं तरी मालक कंत्राटदार असतो, आणि अनुभवाचा दाखला त्याच्याच लेटरहेडवर येतो. पहिल्या पगारानंतर यूएएनचं पासबुक उघडून पीएफ खरंच जमा झाला का ते बघा. स्लिपमध्ये कापलेला दिसतो आणि पासबुक रिकामं, असं होतं. तसं आढळलं तर स्लिप जपून ठेवून ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर टाका. स्लिपच देत नसतील तर बँकेतली जमेची नोंद आणि हजेरीचा फोटो दर महिन्याला साठवत जा.

मायक्रॉन_वाळूज

मेडिकलबद्दल राहिलं. जॉइनिंगआधी डोळ्यांची तपासणी असते, रंग ओळखण्याचीही. चष्म्याचा नंबर बदलला असेल तर आधीच नवा करून घ्या. व्हर्नियरची रेघ अंधुक दिसत असेल तर सगळा सराव वाया जातो.